उतारावरचा रेडा

लग्नात मी हुंडा घेतला नाही, हे तीस वर्षं मी ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत आलो. मग सासरे गेले, चिखलदऱ्याजवळची मोथ्याची दीड एकर जमीन बायकोच्या वाट्याला आली, आणि जमिनीसोबत गोठ्यातला रेडा आला. सासऱ्यांनी व्याजासकट वसूल केलं.

रेडा म्हणजे जनावर नव्हे, पॉवर टिलर. दोन चाकं, पुढं एका सिलिंडरचं आडवं डिझेल इंजिन, मागं माती उकरणारी वाकडी पाती, आणि माणसाच्या छातीपर्यंत येणारे दोन लांब दांडे, शिंगांसारखे. मोथा हे म्हशींचं, खव्याचं गाव. अलीकडे तिथं स्ट्रॉबेरी लावतात, पण गावाची नजर अजून म्हशीचीच आहे. त्या नजरेनं ह्या यंत्राकडे एकदा पाहिलं आणि नाव पडलं. पैठणच्या रेड्यानं निदान वेद तरी म्हटले. आमचा फक्त ‘थुक’ म्हणतो, तेही त्याच्या मनात आलं तर.

त्याला उठवायचा विधी सांगतो. डाव्या हातानं वरची कळ ओढून धरायची, म्हणजे सिलिंडरचा दाब सुटतो. उजव्या हातानं हँडल फिरवायचं, हळू, मग जोरात, मग सगळ्या पूर्वजांचं स्मरण करून अजून जोरात, आणि ऐन वेगात डावी कळ सोडायची. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं आणि अंगठा जागेवर राहत नाही. हे मला सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं. अंगठ्यानं सांगितलं.

हिवाळ्यात चिखलदऱ्याची थंडी इंजिनाच्याही हाडांत शिरते. तेव्हा पाण्याच्या टाकीत गरम पाणी ओतावं लागतं. डिसेंबरातल्या सकाळी बंबात एकच बादली पाणी तापलेलं असतं आणि त्यावर दोघांचा हक्क असतो. आमच्या घरात आंघोळ आधी रेड्याची होते. बायकोचं म्हणणं असं की तिच्या वडिलांनी मला पारखलं तेव्हा त्यांना जावई नकोच होता, रेड्याला कुणीतरी हवं होतं.

आता खरी मेख. रेड्याला स्टिअरिंग नसतं. दोन्ही दांड्यांवर दोन कळा असतात, साइड क्लचच्या. डावी दाबली की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं चालत राहतं आणि यंत्र डावीकडे वळतं. पोराला समजेल इतकं सोपं. पण हे सपाटीवर. उतारावर इंजिन चाकांना ओढत नसतं, धरून ठेवत असतं. अशा वेळी डावी कळ दाबली की डावं चाक मोकाट सुटतं, उजवं बिचारं इंजिनाच्या धाकात राहतं, आणि रेडा डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे जातो. म्हणजे उतारावर प्रत्येक आज्ञेचा अर्थ उलटा. हे ज्ञान जपानी माणसानं आपल्या सपाट भातखाचरात बसून केलेल्या यंत्राबद्दल मला चिखलदऱ्यात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर, बांधाच्या कडेला मिळालं. बांधाखाली ओढा आणि ओढ्यापलीकडे दरी. भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकला आणि त्या कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, असं सांगतात. मी डावी कळ घट्ट दाबून ठेवली आणि रेडा उजवीकडे, कीचकाच्या दिशेनं, निघाला.

तो बोराच्या झुडपात अडकला म्हणून हा लेख आहे. पण अडकताना आतून ‘कट्’ असा आवाज आला, आणि त्या दिवसापासून डावी कळ नुसती शोभेची झाली. आतला काटा तुटला होता. काटा म्हणजे क्लच सरकवणारा दोन बोटांचा लोखंडी तुकडा, वीतभरही नाही. मला वाटलं, एवढासा तर भाग; शनिवारी परतवाड्याला जाऊ, बाजार करू, येताना काटा आणू. त्या वाक्यातलं फक्त ‘बाजार करू’ एवढंच खरं झालं.

पार्ट मागायला गेलं की दुकानदार तीन प्रश्न विचारतो: कंपनी, मॉडेल, साल. रेड्याच्या बॉनेटवर पाटी होती. तिच्यावर ‘मेड’ एवढंच शिल्लक आहे. पुढचं गंजानं खाल्लं.

सासऱ्यांच्या मते ते यंत्र थेट भाऊसाहेबांच्या पुण्याईनं आलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख, 1952 ते 1962 देशाचे कृषिमंत्री. त्यांनी जपानी पद्धतीच्या भातशेतीचा देशभर प्रचार केला, दिल्लीत 1959-60 साली जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. सासरे आयुष्यभर सांगत, पद्धत आली तसं पद्धतीमागोमाग यंत्रही आलं. मोथ्यात भाताचं खाचर नव्हतं, ही गोष्ट ते सांगत नसत. त्यांना यंत्र कुणी विकलं, किती हातांतून आलं, याचा कागद नाही. 1960 च्या दशकात कुबोता, मित्सुबिशी, यानमार, इसेकी, सातो अशी जपानी नावं भारतात टिलर घेऊन आली होती, एवढं मला वाचून कळलं. म्हणजे रेडा ह्या पाचांपैकी कुठल्या घराण्याचा, हा प्रश्न उरला. गावातल्या पाच जाणकारांनी पाच उत्तरं दिली आणि प्रत्येकानं शपथ घेतली.

परतवाड्याच्या मिस्त्रीनं मात्र शपथ घेतली नाही. तुटका काटा तळहातावर घेऊन उलटापालटा केला, वास घेतला (खरंच घेतला), आणि म्हणाला, “सर, हे तं बंद झालं.”

“काय बंद झालं?”

“सगळंच. याचा काटा आता जपानातई नाई भेटत. अमरावतीले पाहून या एकदा. नाई भेटला तं मंग आपुन आहोच.”

वऱ्हाडात ‘पाहून या एकदा’ ह्याचा अर्थ नाही मिळणार असा असतो. पण मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. प्रयत्न केल्याशिवाय नापास होणं मला पटत नाही.

अमरावतीतलं दुकान लांबट आणि अंधारं, छताला पंख्याचे पट्टे लोंबत होते. काउंटरवरच्या भाऊनं विचारलं, “कंपनी?”

“माहीत नाही.”

“मॉडेल?”

“माहीत नाही.”

“मंग तुमाले काय मालूम हाये?”

“रंग. निळा होता म्हणतात.”

त्यानं मला शांतपणे स्टुलावर बसवलं आणि बाकीची गिऱ्हाइकं हाताळू लागला. पुढच्या दोन तासांत मला ट्रॅक्टरांची जी वंशावळ कळली ती कुठल्या भाटालाही येत नसेल. एकाला आयशरचं पॅकिंग हवं होतं. आयशर म्हणजे 1959 साली फरिदाबादेत बनलेला देशातला पहिला ट्रॅक्टर, मूळ घराणं जर्मन. पण 2005 साली आयशरचा ट्रॅक्टरधंदा चेन्नईच्या टॅफेनं घेतला, आणि मॅसी फर्ग्युसन तर टॅफेच्या घरी आधीपासूनच नांदते. म्हणजे बांधावर एकमेकींशी चुरस करणाऱ्या दोघी एका रात्रीत जावा झाल्या. दुसऱ्याला स्वराजचा वॉटर पंप हवा होता. स्वराज मोहालीची, 1974 पासूनची, अस्सल देशी मुलगी. 2007 साली महिंद्राच्या घरी दिली. हे घर जुनं: 1960 च्या दशकात त्यांनी बी-275 काढला तोही परदेशी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी सोयरीक करून. त्यामुळे पार्ट मागताना बाईचं माहेरचं नाव सांगायचं की सासरचं, ह्यावर काउंटरवर रोज वाद होतो. भाऊ दोन्ही नावं लिहून घेतो आणि खोका मात्र त्याला हवा तोच काढतो.

तिसरा गृहस्थ एका कोपऱ्यात गप्प उभा होता. त्याचा एचएमटी होता. पिंजोरच्या कारखान्यात झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या तंत्रावर 1971 पासून निघालेला, मजबूत, वऱ्हाडात आजही बैलपोळ्याला रंगवून उभा करतात असा. तो ट्रॅक्टरकारखाना बंद करायचं सरकारनं 2016 साली ठरवलं. सासरही नाही, माहेरही नाही. त्या माणसाचा नंबर आला तेव्हा भाऊनं आवाज खाली केला, जसा दुःखाच्या घरी करतात.

पार्टच्या जातीही मला तिथंच कळल्या. पहिली कंपनीची. दुसरी लुधियान्याची. तिसरी राजकोटची. आणि चौथी जात म्हणजे ‘चालते’. “हे ओरिजिनल आहे का?” असं विचारलं की भाऊ पार्टाकडे पाहतो, तुमच्याकडे पाहतो, तुमच्या चपलांकडे पाहतो आणि म्हणतो, “चालते.” जगातली निम्मी यंत्रं ह्या चौथ्या जातीवर चालतात, आणि माझा अनुभव असा की उरलेली निम्मी पहिल्या जातीची वाट पाहत उभी असतात.

माझा काटा चौथ्या जातीतही नव्हता. शेवटी भाऊनं तो चिमटीत धरून माळ्यावरच्या पोराला दाखवला. पोरगं वरूनच म्हणालं, “काका, हा स्कूटरचा आहे का?” मी उठलो.

ह्याच सुमारास बायकोच्या भाच्यानं अमेरिकेतून फोटो पाठवले. तो इंडियानात असतो. तिथं घरामागचं गवत कापायला माणूस ट्रॅक्टरवर बसतो. लहानसा, लाल, पोरांच्या खेळण्यासारखा. त्याच राज्यात साउथ बेंड गावी 1946 साली पाँड नावाच्या बापलेकांनी व्हील हॉर्स नावाचे असे ट्रॅक्टर करायला घेतले, पुढं कब कॅडेट आले 1961 साली, जॉन डियरचा 110 आला 1963 साली, आणि आता म्हातारी माणसं हे जुने ट्रॅक्टर हुडकून, खोलून, घासून, रंगवून, मेण लावून गॅरेजात ठेवतात. जत्रेत मिरवतात. गवत मात्र नव्या यंत्रानं कापतात. भाच्याचा शेजारी ह्यांतलाच. त्याला एक मूळ नट मिळाला तेव्हा त्यानं गल्लीला आइस्क्रीम दिलं म्हणे. हे मी शेजारच्या गवळीदादांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “गवत कापाले ट्रॅक्टर? त्याहीच्याकडे म्हशी नाई का?”

प्रश्न साधा आहे, पण इंडियानाला त्याचं उत्तर देता येणार नाही.

भाच्यानं अजून एक पाठवलं, एका जुन्या मॉडेलचं पुस्तक. त्यात यंत्र स्फोट झाल्यासारखं काढलेलं असतं, प्रत्येक स्क्रू हवेत तरंगतो आणि प्रत्येकाला नंबर. मी ते मिस्त्रीला दाखवलं. त्यानं कौतुकानं पाहिलं आणि म्हणाला, “आपलाबी असाच दिसते, पण जमिनीवर.” त्याच्या मागं फरशीवर पसरलेल्या रेड्याकडे पाहिलं तेव्हा म्हणणं पटलं.

हो, तोवर रेडा परतवाड्याला पोचला होता. त्याला घाटातून खाली न्यायला ‘छोटा हत्ती’ टेम्पो सांगितला. चारशे किलोंचा रेडा छोट्या हत्तीच्या पाठीवर दोरखंडानं बांधून घाट उतरला, वळणावळणावर माकडं कठड्यावर बसून पाहत होती, आणि पुढच्या सीटवर बसलेला मी प्रत्येक वळणावर, सवयीनं, उलटी कळ दाबत होतो.

खोलल्यावर कळलं की काट्याबरोबर आतलं एक बेअरिंगही गेलंय. माझं काळीज हललं. अजून एक पार्ट! पण मिस्त्रीनं ते फडक्यानं पुसलं, कडेवर कोरलेला आकडा वाचला: 6205. “जा, घेऊन या.” मी बाजारातल्या टपरीवजा दुकानात जाऊन फक्त आकडा उच्चारला. दुकानदारानं मान वर केली नाही. हात मागं गेला, डबी पुढं आली. कंपनी नाही, मॉडेल नाही, साल नाही, रंग नाही. शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतलं भोक: पंचवीस मिलिमीटर. बाहेरून बावन्न, रुंदी पंधरा. हा आकडा स्वीडनमध्ये तोच, जपानात तोच आणि परतवाड्याच्या टपरीतही तोच. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत मी पोरांना सांगत आलो की नावाला अर्थ असतो. चुकलं. अर्थ नंबराला असतो. आमच्या वर्गात तीन-तीन गणेश असायचे आणि एका गणेशाला हाक मारली की तिघं उठायचे. 6205 म्हटलं की फक्त 6205 उठतं.

काट्याला असा नंबर नव्हता. मी तो खिशात घालून भंगाराच्या वाड्यात गेलो. तिथं मोटरसायकलींच्या टाक्या, कुलरचे पत्रे, विहिरीवरच्या इंजिनांचे ब्लॉक, आणि एका झाडाखाली फक्त शिलाई मशीनच्या पायट्या होत्या, पंचवीस-तीस, सगळ्या एकीकडे तोंड करून, शिवणवर्ग भरल्यासारख्या. वाड्याच्या मालकाला काटा दाखवला. त्यानं तो तागडीत टाकला. “सातशे ग्राम,” म्हणाला आणि खिशातून पैसे काढू लागला. मी म्हटलं, “विकायचा नाही, असा दुसरा हवाय.” त्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला ओळखीची होती. लग्नात हुंडा नको म्हणालो तेव्हा माझ्या काकांनी तसंच पाहिलं होतं.

परत आलो तेव्हा मिस्त्रीच्या दुकानात चहा आणि शकुंतला चालू होती. परतवाड्यात माणसं गप्पा मारायला बसली की अर्ध्या तासात शकुंतला येते, गाडी येत नसली तरी. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची ती अरुंद रुळांची आगगाडी. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं, 1923 पासून इथं धावलं आणि 15 एप्रिल 1994 ला उतरवलं. त्यानंतर गाडी डिझेलवर आली. सत्तर वर्षं एकाच इंजिनानं कापूस आणि माणसं ओढली. त्या गल्लीत ज्याला त्याला विचारा, त्याचा आजा शकुंतलेवर फिटर होता. इतके फिटर खरंच असते तर गाडीत प्रवाशांना जागा उरली नसती.

पण मिस्त्रीचा मुद्दा वेगळा होता. “सर, सत्तर साल मँचेस्टरहून पार्ट येत होते का? कुनीतरी इथंच ठोकत असन ना.” असं म्हणून त्यानं कप खाली ठेवला आणि कामाला लागला. मला वाटतं, मी अमरावतीला जाऊन यावं, भंगारात फिरावं, नाइलाज व्हावा, ह्याचीच तो वाट पाहत होता. चांगला वैद्य रोग्याचे बाकीचे उपाय संपेपर्यंत नाडी धरत नाही.

त्यानं कुठल्याशा लग्नाची जाड पत्रिका घेतली, तुटक्या काट्याचे दोन तुकडे तिच्यावर जुळवून ठेवले आणि कानामागची पेन्सिल काढून कडेनं रेघ ओढली. कात्रीनं कापलं. ‘शुभविवाह’ मधला ‘शुभ’ एका बोटात गेला, ‘विवाह’ दुसऱ्यात. मग ट्रकच्या तुटक्या पाट्याचा तुकडा भट्टीत घातला. पाट्याचं पोलाद मुरब्बी असतं, शेकडो खड्डे सोसलेलं. लाल झाल्यावर ऐरणीवर घेतलं, पोरानं घण मारला, मिस्त्रीनं फक्त लहान हातोडीनं टकटक करून जागा दाखवली. थंड झाल्यावर खरादवाल्याकडून भोक पाडून आणलं. त्यानंतर दीड तास कानस. दर पाच मिनिटांनी पत्रिकेचा पुठ्ठा काट्यावर लावून उजेडाकडे धरायचा, जिथून उजेड दिसला नाही तिथं पुन्हा घासायचं. मी बोललो, “अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं चालेल की.” त्यानं मान वर न करता सांगितलं, “तुमचं चालन. क्लचचं नाई चालत.” शेवटी पुन्हा तापवून जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यात बुडवलं, धूर झाला, चर्र आवाज आला, आणि मला एकदम घरच्या फोडणीची आठवण होऊन भूक लागली.

काटा बसला. रेडा जोडला. दुकानापुढच्या रस्त्यावर त्यानं हँडल मारलं, तिसऱ्या फेरीला इंजिन धरलं. मी दांडे हातात घेतले, डावी कळ दाबली. रेडा उजवीकडे वळला आणि पानठेल्याच्या बाकाला लागला.

“मिस्त्री, उलटं झालंय.”

“उलटं नाई. तारा अदलाबदल केल्या.” त्यानं हात पुसले. “तुमीच म्हनले ना, उतारावर डावी दाबली तं उजवीकडं जाते? आता उतारावर डावी दाबली तं डावीकडं जाइन. चिखलदऱ्याले सपाट जागा हाये कुठं?”

मी विचार केला. बरोबर होतं. मग दुसरा विचार आला.

“अहो, पण चढावर?”

मिस्त्रीनं रेड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा रेड्याकडे.

“सर,” तो म्हणाला, “चढावर तो जाते कधी?”